गाव ओलांडेपर्यंत

डुकराला पुढं ढकललं की ते मागं येतं. हे मल्लेशला पहिल्याच वर्षी कळलं होतं, म्हणून तो त्याच्या तोंडावर बादली पालथी घालायचा. डोळ्यांपुढं अंधार झाला की जनावर उलट्या पावलांनी मागं मागं सरकायचं, आणि मग शेपूट धरून त्याला हवं तिकडं वळवता यायचं. असं एकेक करून त्यानं बरीचशी डुकरं फळीवरनं पिकअपमध्ये उलटी चढवली होती. शेवटची मादी मात्र फळीच्या तोंडाशी बसली ती बसलीच.

"उठ की गं बाई," मल्लेश म्हणाला. बनियन त्याच्या पाठीला चिकटला होता. "ऊन वर आलं. उठ."

"मारू नका तिला," शांभवी शेडच्या सावलीतनं म्हणाली. कडेवर दानेश्वरी होती, दात येत असल्यामुळं किरकिरलेली. "जरा दम खाऊ दे. चिडली की अंगात उष्णता धरते."

"मारतोय कुठं? पाया पडायचं तेवढं राहिलंय."

पिकअपचा ड्रायव्हर जोतीराम बोनेटला टेकून तंबाखू मळत होता. "आमच्या गाडीत आजवर वांगी, ढबू मिरची, केळी. एकदा वऱ्हाड नेलतं. आता हे. कारभारणीनं सांगून ठिवलंय, गोमूत्रानं धुतल्याबिगार गाडी दारात लावायची न्हाय."

"धुऊन देतो की."

"दोनदा धुवा म्हणतोय मी."

खरं तर झुंजुमुंजू व्हायच्या आत गाव ओलांडायचं ठरलं होतं. पण आज बसव जयंती. जोतीराम पहाटे मठापुढच्या मांडवाला केळीचे खुंट पोचवायला गेला, तिथं चहा झाला, मग कुणीतरी खुर्च्या आणायला पिटाळलं, आणि तो मळ्यात उगवला तोवर सूर्य कासराभर वर आलेला. दुसरा दिवस धरावा म्हटलं तर निपाणीच्या हायवेला व्यापाऱ्याचा मोठा ट्रक उभा राहणार होता तो आजच. त्यात इतर ठिकाणचा माल भरलेला. तो कुणासाठी थांबत नाही.

माल. घरात हाच शब्द होता. डुक्कर म्हणायचं नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप झालं. पुरानं म्हशींचा गोठा नेला त्या वर्षी शांभवीनंच हा विषय काढला होता. ती बी.एस्सी. झालेली, कोल्हापूरला राहून शिकलेली. तिनं माहिती काढली, मल्लेशला घेऊन प्रशिक्षणाला गेली, सगळं वहीत उतरवून आणलं. सासूबाई, रत्नव्वा, एवढंच म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात आंड्याचं टरफल आलं न्हवतं कधी." त्या भांडल्या नाहीत. मल्लेशचा तांब्या तेवढा त्यांनी वेगळा केला आणि परड्यात मोरीशेजारी ठेवला. गळ्यातल्या लिंगाला हात लावून रोज सकाळी पूजेला बसायच्या, तेव्हा मळ्याकडची खिडकी लावून घ्यायच्या.

माहेरी शांभवीनं पोल्ट्री आहे म्हणून सांगितलं होतं.

मादी शेवटी आपल्या मनानंच उठली आणि शेपूट हलवत सरळ वर चढली, जणू एवढा वेळ तिलाच कुणी विचारलं नव्हतं. मल्लेशनं फळी ओढून घेतली. शांभवी टाचा उंचावून आत बघू लागली. गाडीच्या तळाला तिनं पेंढ्याऐवजी वाळू पसरायला लावली होती आणि ती भिजवून घेतली होती. रात्रीपासून खायला घातलं नव्हतं. भरल्या पोटी जनावर प्रवासात तापतं. चौदा बसतील असं व्यापारी म्हणत होता, तिनं अकराच भरू दिली. आडवं पडायला जागा पाहिजे. डुकराला घाम येत नाही. ते ओल्यावर आडवं पडून अंग गार करतं. हे सगळं ती बाळाच्या लसीच्या तारखांसारखं पाठ म्हणू शकत होती.

राहिली ताडपत्री.

"वरनं नुसती सावलीपुरती टाकूया," ती म्हणाली. "बाजू मोकळ्या ठेवा. वारा खेळायला पाहिजे."

मल्लेश दोरी हातात घेऊन उभा राहिला. "आव्वाला शब्द दिलाय. आजच्या दिवशी गावातनं उघडं न्यायचं न्हाय म्हणाली. मठापुढनं जायाचं हाय आपल्याला."

"मागचा रस्ता?"

"पाइपलाइनला उकरलाय. बैलगाडी जात न्हाय."

जोतीरामनं तंबाखू गालात टाकली. "गाव ते केवढं, ताई. अशी घातली गाडी की अशी भायेर. गाव ओलांडेपर्यंत झाका, पुढं काढा."

मल्लेशनं एक बाजू खाली ओढून बांधली. मग दुसरी. जोतीराम केबिनमध्ये जाऊन बसला. मागच्या बाजूला आला आणि थांबला. ताडपत्रीची कड त्याच्या हातात होती, आणि त्या फटीतनं एक गुलाबी नाकाड हवा हुंगत होतं.

"ही राहू दे का?" त्यानं विचारलं. "तू सांग. तुला जास्त कळतंय."

शांभवीच्या डोळ्यांपुढं मागल्या महिन्यातली मठाची ओसरी आली. दानेश्वरीचं लिंगधारण होतं, गळ्यात लिंग बांधायचा विधी. पाच जणींनी मिळून बाळाला मांडीवर घ्यायचं होतं. शेजारच्या बाळाबाई पुढं झाल्या, बाळाला हात लावायच्या आधी थांबल्या, पदराची कड अलगद नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "शांभवी, हात धुतलेत न्हवं बाई?" हसून म्हणाल्या. बाकीच्याही हसल्या. शांभवीही हसली होती. अंघोळ करून, नवं इरकल नेसून, केसांत अबोली माळून ती तिथं बसली होती.

"बांधा," ती म्हणाली.

मल्लेशचे हात घामानं दोरीवरनं निसटत होते. तिनं बाळ त्याच्याकडं दिलं आणि मागची गाठ स्वतः मारली. चांगली घट्ट.

*

वेशीतनं आत गेले, मठ मागं पडला, तोवर सगळं ठीक होतं. बाळाला घेऊन ती मल्लेश आणि जोतीरामच्या मध्ये दाटीवाटीनं बसली होती. तिला खरं तर यायची गरज नव्हती. पण हायवेला माल उतरताना व्यापारी वजनात काही बोलला तर मल्लेशला उत्तर सुचत नाही, म्हणून ती आली होती. मागच्या काचेतनं काही दिसत नव्हतं. ताडपत्रीची निळी भिंत.

सोसायटीच्या वळणावर हलगी ऐकू आली.

"आयला," जोतीराम म्हणाला, "लवकर निघाली की."

मिरवणूक मठाकडनं निघून बाजारपेठेतनं येणार होती. ती उलटी, सोसायटीकडनं मठाकडं, गाडीच्या समोरून येत होती. समोरचा रस्ता माणसांनी भरला होता. पुढं सजवलेले बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. मागं लेझीम, मग पालखी, मग कळस घेतलेल्या बायका. जोतीरामनं गाडी मागं घ्यायला आरसा बघितला. मागं उसाच्या रिकाम्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता, आणि त्याच्या मागं एस.टी.

"झालं," जोतीराम म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

गाडी थांबली तसा वारा थांबला. केबिनमध्ये डिझेलचा आणि घामाचा वास दाटला. मागं एकदम ओरडा सुरू झाला. डुकराचा ओरडा बारीक, चिरत जाणारा, लहान मुलाला चिमटा काढल्यासारखा. शांभवीनं खाली मान घातली. पण हलगी अशी कडकडत होती की तो आवाज गाडीबाहेर गेला असेल का, कुणास ठाऊक.

बैल पुढं सरकेनात. एक खिलार बुजला होता. त्याच्या मालकाला दहा जण दहा सल्ले देत होते. लेझीमवाल्या पोरी तिथंच गोल धरून खेळायला लागल्या. कुणीतरी त्यांच्यावर गुलाल उधळला. कुणाला कसली घाई नव्हती. सणाचा दिवस होता.

शांभवी बाळाला पदरानं वारा घालत होती. दानेश्वरीचा चेहरा लाल झाला होता. तिनं बाटलीतल्या पाण्यात रुमाल भिजवला, बाळाची मान पुसली, काखा पुसल्या, तळपाय पुसले. बाळ शांत झालं. मागं गाडीच्या पत्र्यावर धडका बसत होत्या. गाडी डुलत होती.

"बाजू थोड्या वर करूया," ती हळू म्हणाली. "अहो. हातभर तरी."

मल्लेश समोर बघत होता. "आव्वा हाय समोर."

होत्या. कळसवाल्या बायकांच्या पहिल्या ओळीत रत्नव्वा अनवाणी उभ्या होत्या, डोक्यावर तांब्याचा कळस, त्यात विड्याची पानं. डांबर तापलं होतं म्हणून त्या एकेक पाय उचलून ठेवत होत्या. त्यांनी गाडी ओळखली. निळी ताडपत्री वरपासून खालपर्यंत बघितली, चारी बाजूंनी बांधलेली. मग नजर काढून घेतली.

गर्दीतनं सोमेश आला. भावकीतला, मंडळाचा स्वयंसेवक. गळ्यात पिवळा गमछा, हातात पानकाची बादली आणि ओगराळं. खिडकीशी येऊन त्यानं आत डोकं घातलं.

"मल्लूआण्णा! आजच्या दिवशी तरी काम सोडायचं की! वैनी, प्या, प्या. गुळाचं हाय, वेलदोडा घातलाय, बरफ हाय." मग मागं मान वळवून, "काय भरलंय?"

मल्लेशनं शांभवीकडं पाहिलं.

"कोंबडखत," शांभवी म्हणाली.

सोमेशनं ताडपत्रीकडं पाहिलं. गाडी जरा डुलली. त्यानं तिच्याकडं पाहिलं.

"कोंबडखत," तो म्हणाला. "बरं." आणि ग्लास पुढं केला.

तिनं घेतला. पानक इतकं गार होतं की दात ठणकले. तिनं बोट बुडवून बाळाच्या ओठाला लावलं. बाळानं जीभ काढली, आणखी मागितलं. सोमेश हसला. "तिलाबी कळतंय बघा." त्यानं पुन्हा भरून दिला. शांभवी तोही प्यायली. मागं पत्र्याला काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. ती घोट घेत होती आणि ऐकत होती.

सोमेश मागच्या ट्रॅक्टरकडं गेला. बैल हलले, चार पावलं गेले, पुन्हा थांबले. धडका कमी झाल्या. मग ओरडा थांबला. नुसता श्वास ऐकू येत होता, अनेकांचा एकत्र, लोहाराच्या भात्यासारखा, भरभर.

"निजली वाटतं," जोतीराम म्हणाला. "बरं झालं. गप झाली."

शांभवीला माहीत होतं. डुक्कर ओरडतं तोवर त्याच्यात जीव असतो. ओरडणं थांबून तोंड उघडून धापा टाकायला लागलं की पुढं वेळ राहत नाही. वहीत तिनं त्या वाक्याखाली रेघ मारली होती. दार उघडायचं, मल्लेशच्या गुडघ्यावरनं उतरायचं, मागं जायचं, गाठ सोडायची. गाठ तिचीच होती. तिनं मल्लेशकडं बघितलं. त्याच्या गालावरनं घामाची धार हनुवटीला येऊन थांबली होती आणि तो ती पुसत नव्हता. समोर कळसवाल्या बायकांत बाळाबाई होत्या, लिंगधारणाच्या दिवशी हसलेल्या आणखी दोघी तिघी होत्या. गाडीच्या अगदी जवळनं चालल्या होत्या.

तिनं रुमाल पुन्हा भिजवला आणि बाळाचं कपाळ पुसलं.

*

गाव सुटल्यावर जोतीरामनं गाडी दामटली. ओढ्याच्या पुलापलीकडं, जिथं मोटारीचं पाणी पाटाला पडत होतं, तिथं मल्लेशनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. गाडी पुरती थांबायच्या आत तो उतरला होता.

गाठ सुटेना. शांभवीनं मारलेली, ओल्या हातानं. आवळून बसली होती. त्यानं दातानं ओढली, मग खिशातल्या चाकूनं दोरी कापली. ताडपत्री वर केली तसा आतनं वाफारा आला, भट्टीचं दार उघडल्यासारखा. त्याला मुताचा आणि आंबट असा काहीतरी वास होता. मल्लेश एक पाऊल मागं आला.

सगळी डुकरं केबिनच्या बाजूला, जिथं ताडपत्रीत बोटभर फट होती, तिथं एकमेकांवर चढून पडली होती. वरच्यांची तोंडं उघडी, जिभा बाहेर, फेस. कातडी गुलाबी राहिली नव्हती. लाल, कुठं कुठं जांभळी. खालची दिसत नव्हती. मल्लेशनं वर चढून एकेकाला पाय धरून बाजूला केलं. खालची चार हलली नाहीत. त्यातली एक ती मादी होती, सकाळी रुसून बसलेली.

"आरं देवा," जोतीराम म्हणाला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

मल्लेशनं पाटातनं बादली भरली आणि उचलली.

"अंगावर नको!" शांभवी ओरडली. "एकदम गार पाणी नको. पायांवर घाला. कानांवर. हळूहळू. मग पोटाखाली."

मल्लेश बादली तशीच धरून तिच्याकडं बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता ऐकत होता, रोज ऐकायचा तसा. तिला जास्त कळतंय म्हणून.

"पायांवर," तो म्हणाला आणि ओतायला लागला.

जोतीरामनंही दुसरी बादली उचलली. दानेश्वरीला बांधाच्या सावलीत साडीच्या घडीवर ठेवून शांभवी ताडपत्रीच्या एका टोकानं वारा घालत राहिली. सात जिवंत होती. त्यातल्या तिघांना उभं राहता येत नव्हतं. मल्लेशनं व्यापाऱ्याला फोन लावला, लांब जाऊन बोलला, आणि आला.

"आडवी पडलेली घेत न्हाय म्हणाला. आणि तिथवर ही टिकायची न्हाईत."

"परत मळ्यात नेऊया," शांभवी म्हणाली. "शेडला फवाऱ्याचा फॉगर आहे. सावली आहे. दुसरा इलाज नाही."

मळ्याला रस्ता एकच होता.

जोतीरामनं ओली ताडपत्री उचलली. तो चांगल्या मनानंच विचारत होता, तिला ते कळलं. "टाकू काय वरनं? गावापुरती?"

दोघंही तिच्याकडं बघत होते.

"नाही," ती म्हणाली. "बाळाला तुम्ही पुढं घ्या. मी मागं बसते."

पाण्याचे दोन कॅन भरून ती फाळक्यावर पाय देऊन चढली. वाळू निसरडी झाली होती. जिवंतांच्या आणि मेलेल्यांच्या मध्ये एवढीच जागा होती की गुडघे पोटाशी घेऊन बसता यावं. गाडी सुरू झाली, वारा लागला, तिचा पदर उडाला. तो तिनं कमरेला खोचला आणि एका डुकराच्या कानावर ओंजळीनं पाणी सोडायला लागली. कान हलला. वाटेत सायकलवरचा एक म्हातारा उतरून उभा राहिला. बसथांब्यावरची कॉलेजची पोरं वळून बघायला लागली. कुणी नाक धरलं नाही. धरलं असतं तरी तिनं मान वर केली नसती.

मठापुढं मिरवणूक पोचली होती. मांडवात पंगती बसल्या होत्या, वाढपी हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, पातेली घेऊन धावत होते. बैल झाडाखाली बांधले होते. त्यांच्या झुली काढून कुणीतरी त्यांच्यावर पाणी मारत होतं. वाढप्यांच्या गर्दीनं गाडी पुन्हा थांबली.

सोमेश पळत आला. फाळक्यावर हात ठेवून त्यानं आत पाहिलं. मग त्याच्या तोंडातनं आवाज फुटला तो सगळ्या मांडवाला ऐकू गेला. या गावात हळू बोलायची पद्धतच नाही.

"वैनी, आवं मगाशी सांगायचं न्हवं? डुकरं हायती म्हणून?"

शांभवी पाणी सोडत राहिली.

"सगळ्या गावाला ठाव हाय की तुमचं शेड! कोंबडखत म्हणला, मी म्हणलं, असंल, सणाचं बोलत न्हाईत, आपण कशाला उघडं पाडा. मी बैलं आडवी धरली असती आणि गाडी काढून दिली असती! आवं, जित्तं जनावर असं उनात कोंडतंय व्हय कुणी? आजच्या दिवशी?"

पंगतीतले लोक उठून येत होते. उष्टे हात तसेच. बैलांवर पाणी मारणाऱ्या माणसानं पाइप ओढत आणला, "लावू काय हितं?" म्हणाला. बाळाबाई आल्या, आत डोकावून "शिव शिव" म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरला, पण नाकावर नाही. त्यांचे डोळे भरले होते. ते बघणं शांभवीला सगळ्यात जड गेलं.

मग गर्दी जरा फाकली आणि रत्नव्वा पुढं आल्या. डोक्यावर आता कळस नव्हता, केस विस्कटलेले, तळपाय भाजल्यामुळं चाल वाकडी. त्या या जनावरांच्या एवढ्या जवळ कधीच आल्या नव्हत्या. त्यांनी मेलेल्या मादीकडं पाहिलं. सुनेकडं पाहिलं; तिच्या साडीला लागलेली वाळू, फेस, मूत. पुढं केबिनमध्ये बाळाला मांडीवर घेऊन मान खाली घालून बसलेल्या लेकाकडं पाहिलं.

"सोम्या, तिला नगं बोलूस," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण फाटला नाही. "म्या सांगितलंतं झाकून न्या म्हणून. माझ्या सोवळ्यापायी झालं हे. मला बोल."

सगळे रत्नव्वांकडं वळले. गळ्यातलं लिंग हातात धरून त्या एवढ्या लोकांच्या मध्ये उभ्या होत्या, उन्हात, आणि माणसं त्यांच्याकडं अशी बघत होती, जसं आजवर कधी कुणी बघितलं नव्हतं.

शांभवीनं तोंड उघडलं. सकाळी मल्लेशनं तिला विचारलं होतं, ही राहू दे का, तू सांग. आणि तिनं सांगितलं होतं. ते दोघांनाच माहीत होतं. मल्लेश बोलणार नव्हता. काचेतनं त्याची पाठ दिसत होती, ओली, हलत नव्हती.

शेजारचं डुक्कर धापा टाकत मान उचलायला गेलं आणि पुन्हा वाळूवर पडलं.

"पाइप इकडं द्या," शांभवी म्हणाली. "आधी पायांवर."